निळ्या झाकणाचा मासा

माघ सरायला लागला की लातुरात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. हातगाड्यांवर हरभऱ्याचे डहाळे येतात आणि कॉलेजांत प्रॅक्टिकलं. पोरं रस्त्यानं चालता चालता एका हातानं घाटे सोलतात, दुसऱ्या हातातल्या कागदावरच्या आकृत्या पुटपुटतात, आणि मागून येणाऱ्या रिक्षावाल्याच्या शिव्या खातात. थंडी गेलेली असते, ऊन अजून चावत नसतं. मला वर्षातले हे पंधरावीस दिवस फार आवडतात. परीक्षेचा मोसम कुणाला आवडतो का, असं लोक विचारतात. मला आवडतो, आता परीक्षा माझी नसते म्हणूनही असेल.

मी एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. परवा मुलांना हृदयाची आकृती दाखवली, पण मुद्दाम उलटी धरून. सगळा वर्ग पुस्तकं चाळायला लागला. एक हुशार पोरगी म्हणाली, "मॅडम, हे आमच्या पुस्तकातलं न्हाई." मी हसत सुटले. पोरांना वाटलं, मॅडम आपल्याला हसून राहिल्या. खरं तर मी आम्हाला हसत होते. आम्हीही माशांना असंच ओळखायचो, म्हणजे मासा सोडून बाकी सगळ्यावरून.

भूकंपानंतरचा तो हिवाळा. मी मूळची लोह्याची. डॉक्टर व्हायला लातूरला आले आणि थोड्या मार्कांनी गडगडून बी.एस्सी.ला पडले. 'पडले' हाच शब्द तेव्हा चालायचा. मेडिकलला 'लागतात', बी.एस्सी.ला 'पडतात'. आमच्या प्राणिशास्त्राच्या वर्गात बहुतेक सगळे असेच वरून पडलेले होते, त्यामुळे कुणी कुणाला हसायचं नाही.

एकटी मंगल तेवढी पडलेली नव्हती. ती किल्लारीची. तिला पहिल्यापासून प्राणिशास्त्रच शिकायचं होतं आणि हे ती इतकं सरळ सांगायची की आम्हाला ती थोडी येडीच वाटायची. वर्गात पहिल्या बाकावर बसायची, प्रश्न विचारायची, आणि उत्तर पटलं नाही तर तोंडावर "न्हाई पटलं सर" म्हणायची.

हे 'सर' म्हणजे शेख सर. घर नांदेडला, जुन्या गावात. वडील तांब्याच्या भांड्यांना कल्हई करायचे. शनिवारी सर एस.टी.नं नांदेडला जायचे, सोमवारी परत. पोहता येत नव्हतं. गोदावरीच्या घाटावर जन्म गेला तरी गुडघ्याच्या वर पाणी कधी लागू दिलं नाही, असं स्वतःच सांगायचे. आणि या माणसाचा जीव जडला होता समुद्राच्या माशांवर! त्यातही विंचूमाशांवर. अंगभर पट्टे, छातीचे पर पंख्यासारखे फाकलेले, पाठीवर विषारी काट्यांची रांग. रामेश्वरमकडं शैक्षणिक सहल गेली की पोरं देवळाकडं वळायची आणि सर कोळ्यांच्या जाळ्यांकडं. कोळी जे मासे वैतागून वाळूत फेकून द्यायचे, ते सर चिमट्यानं उचलून डब्यात भरायचे. असे वर्षानुवर्षं जमवून त्यांनी कॉलेजात माशांची एक खोली उभी केली होती. समुद्र चारी बाजूंनी शेकडो मैल लांब, गावाला प्यायला टँकर, आणि त्या खोलीत काचेच्या बाटल्यांमधून भरलेला समुद्र. मला त्या खोलीत शिरलं की उगाच बरं वाटायचं. फॉर्मॅलिननं डोळे झोंबायचे, तेवढं सोडून.

आता आमची विद्या सांगते. प्रॅक्टिकलात 'स्पॉटिंग' असायचं. टेबलावर बाटल्या मांडलेल्या, त्यांच्यावरची नावं कागदानं झाकलेली, घंटी वाजली की पुढं सरकायचं, समोरचा प्राणी ओळखून नाव आणि खुणा लिहायच्या. विंचूमासे चार जातींचे, आणि चारही एका आईची लेकरं वाटावीत असे. त्यात फॉर्मॅलिननं रंग उडवलेला. मग वरच्या वर्गातल्या पोरांनी एक सोपी युक्ती काढलेली होती आणि ती वर्षानुवर्षं खालच्या वर्गाला मिळत आलेली होती. निळ्या झाकणाचा तो व्हॉलिटन्स. तडा गेलेल्या बाटलीतला रसेली. बुटक्या बरणीतला अँटेनाटा. तळाशी बुरशी धरलेला रेडिएटा. झालं! मासा कसा दिसतो हे कुणी बघायचंच नाही. मीही नाही बघितलं. खुणा पाठ, बाटल्या पाठ, मार्क पक्के.

आणि मग गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे जमीन हलली.

त्या दिवसांबद्दल मी फार लिहिणार नाही. ज्यांनी बघितलं त्यांना सांगायची गरज नाही. लातूर शहर तसं वाचलं, किल्लारीच्या बाजूला मात्र गावंच्या गावं बसली. मंगलचं घर गेलं, तिची थोरली बहीण गेली. आई, वडील आणि ती वाचले. दिवाळी होऊन गेल्यावर एक दिवस मंगल वर्गात येऊन नेहमीच्या जागी बसली. शेख सरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "आलीस, बेटा? बरं झालं. तुझ्याविना मला कुणी चुका सांगत न्हाई हितं." ती हसली.

माशांच्या खोलीचं काय झालं होतं ते तिला मग दाखवलं. कपाटं आडवी झालेली, बाटल्या एकूण एक फुटलेल्या. प्रयोगशाळेच्या शिपायानं मासे उचलून दोन बादल्यांत बुडवून ठेवले होते म्हणून ते शाबूत होते. पण नावाच्या चिठ्ठ्या बाटल्यांना बाहेरून चिकटवलेल्या. त्या काचांबरोबर आणि फॉर्मॅलिनबरोबर पुसून गेल्या. बादल्यांत सगळा गोतावळा एकत्र, आणि कोण कोणाचा ते सांगणारं झाकण एकही उरलं नाही.

प्राचार्य खोलीच्या दारात उभे राहिले ते मला आठवतं. माणूस वाईट नव्हता. पण त्या वर्षी लातूरकडं जिकडून तिकडून पोरं येऊन राहिली होती. नायगावपासून उदगीरपर्यंतचे बाप जीप करून यायचे, पोराला बारावीच्या खास बॅचमध्ये बसवा म्हणून हात जोडायचे. खोल्या पुरत नव्हत्या. भूकंपानं दोन खोल्यांच्या भिंती फाटलेल्या. प्राचार्य म्हणाले, "शेख, ह्या बादल्यांसाठी खोली अडकवून ठेवू का मी? बाहेर चाळीस पोरं उन्हात बसून राहिली."

सर म्हणाले, "प्रॅक्टिकलपर्यंत थांबा, साहेब. सगळ्यांची ओळख लावतो."

"बरं. बाहेरचे परीक्षक येतील. त्यांनी म्हटलं की सगळे नमुने बरोबर हायत, तर खोली तुमची. एक जरी चुकीचा निघाला तर मासे खड्ड्यात आणि खोली बॅचला. कबूल?"

"कबूल," सर म्हणाले. त्यांचा आवाज मी तेवढा बारीक कधी ऐकला नव्हता. त्या खोलीत त्यांचं सगळं आयुष्य होतं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

मग तो सुंदर उद्योग सुरू झाला. भिंतीखाली बसायला कुणी तयार नव्हतं. नुसता ट्रक गेला तरी वर्ग पळायचा. म्हणून सगळं आवारातल्या कडुलिंबाखाली. बाकं ओळीनं मांडली, त्यावर पांढऱ्या थाळ्या, थाळ्यांत मासे. वर लिंबाची पिकली पानं गळायची आणि नेमकी माशाच्या तोंडावर पडायची. बाटल्या आणायला पैसे नव्हते, तेव्हा सरांनी फर्मान काढलं की घरून बरण्या आणा. मी लोह्याहून आईची लोणच्याची काचेची बरणी उचलून आणली. आईला नंतर कळलं. "मासे? माझ्या बरणीत?" एवढंच म्हणाली आणि आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. माळकरी घर आमचं. ती बरणी परत घरात येणार नव्हती हे उघड होतं.

जन्मात पहिल्यांदा मी मासा बघितला तो तेव्हा. म्हणजे त्याच्याकडं नीट बघितलं. सर चिमट्यानं पर उलगडून धरायचे. "काट्याला हात न्हाई लावायचा. मेला तरी टोचतो." मग एकेक खूण. हा बघ, शेपटीच्या बुंध्याशी दोन आडव्या पांढऱ्या रेघा, हा रेडिएटा. ह्याच्या डोळ्यांवर लांब मिशा, मिशांवर पट्टे, छातीच्या पराच्या काड्या सुट्या सुट्या, हा अँटेनाटा. शेपटी आणि पाठीचा मागचा पर स्वच्छ, एक ठिपका न्हाई, हा रसेली. आणि ठिपके असले की व्हॉलिटन्स. रंग गेला तरी हाडामांसाची ठेवण जात नाही, हे सरांचं आवडतं वाक्य. मधल्या सुट्टीत कुणीतरी तुरीच्या शेंगा उकडून आणायचं. शेंगांचा वास आणि फॉर्मॅलिनचा वास एकत्र नाकात जायचा. आजही उकडलेल्या शेंगा फोडल्या की माझे डोळे झोंबल्यासारखे होतात, आणि मला ते आवडतं.

हळूहळू बादल्या रिकाम्या झाल्या. शेवटी ठिपकेवाले तेवढे तीन राहिले. मी म्हटलं, "हे तर व्हॉलिटन्सच. लावा झाकण." वर्षानुवर्षं सगळ्या पोरांनी निळ्या झाकणाखाली ज्याला बघितलं तोच तो.

मंगल मात्र सुई घेऊन बसली होती. पाठीच्या काट्यांच्या मागं ज्या मऊ काड्या असतात त्या मोजत होती. सरांकडं एका जाड पुस्तकातल्या काही पानांची झेरॉक्स होती, त्यात जातीजातीच्या काड्यांचा हिशेब होता. सर ती क्वचितच काढायचे.

"सर, व्हॉलिटन्सला अकरा पायजेत न्हवं पाठीवर? आणि पोटाखालच्या पराला सात?"

"हाव."

"ह्याला दहा हायत. खाली सहा."

"तुटली असंल एखादी."

"न्हाई सर. दुसऱ्यालाबी दहा आणि सहा. तिसऱ्यालाबी."

सर उठले. चष्मा कपाळावर चढवून माशाला अगदी नाकाशी घेतलं. मोजलं. परत मोजलं. तिन्ही मोजले. मग झेरॉक्सचं पान शोधलं आणि तसेच उभ्यानं वाचत राहिले. व्हॉलिटन्सचा सख्खा भाऊ शोभावा असा एक मासा असतो, माइल्स नावाचा. ठिपके तेच, मिशा त्याच, पंखा तोच. फरक बहुधा एवढाच, एकेक काडी कमी. व्हॉलिटन्स पलीकडच्या मोठ्या समुद्राचा आणि माइल्स आपल्या बाजूचा. रामेश्वरमच्या वाळूत पडलेला मासा माइल्सच असणार होता.

आम्हाला वाटलं सर खचतील. सर हसायला लागले. पोट धरून हसले. "अरे देवा! इतकी वर्षं मी ह्याला दुसऱ्याच्याच नावानं हाका मारून राहिलो! आणि हा बिचारा काही बोलला न्हाई!"

हसणं ओसरलं तेव्हा खरी पंचाईत पुढं आली. जे परीक्षक येणार होते त्यांच्या नोट्स आम्ही सगळे वापरायचो, आणि त्यांत ठळक अक्षरांत 'व्हॉलिटन्स' होतं. आता बरणीवर 'माइल्स' लिहिलं आणि त्यांना ते चुकीचं वाटलं, तर खोली गेली. पोरं म्हणाली, सर, यंदा व्हॉलिटन्सच लिहा. परीक्षक गेले की बदलू. मीही तेच म्हटलं. आजही मला ते तसं शहाणपणाचंच वाटतं. खोली राहिली तर मासे राहणार होते. सरही बघत होते थाळीकडं. त्यांच्या मनात काय चाललंय ते दिसत होतं. सगळं जमवलेलं एका नावापायी घालवायचं का?

मंगल हळूच म्हणाली, "सर, खोली तुमची हाय, तुम्ही ठरवा. पण ओळख पटली असताना चुकीचं नाव लावायचं... त्या दिवसांत आमच्याकडं लई जण नावाबिगर गेले. कोण कुणाचं, ते लावायला टाईमच न्हवता कुणाला. हितं तर टाईम हाय ना आपल्याजवळ."

सरांनी पेन्सिल घेतली आणि तिन्ही थाळ्यांपुढच्या कागदांवर 'माइल्स' लिहिलं.

परीक्षक आले ते कडक इस्त्रीचे, कमी बोलणारे. मोठ्या शहरातून आलेले, भिंती बघून घाबरलेले. लिंबाखाली परीक्षा म्हटल्यावर त्यांना बरंच वाटलं असावं. प्राचार्य त्यांच्या मागं हात बांधून. एकेक बरणी बघत मान हलवत ते पुढं सरकले. रेडिएटा, बरोबर. रसेली, बरोबर. अँटेनाटा. मग आईच्या लोणच्याच्या बरणीपाशी थांबले.

"हे काय? व्हॉलिटन्स आहे हा."

"मोजा, सर," शेख सर म्हणाले.

परीक्षकांनी आधी सरांकडं बघितलं, मग बरणीकडं. बरणी उचलून बाकावर बसले. सरांनी सुई पुढं केली, ती घेतली नाही, काचेतूनच मोजायला लागले. ओठ हलत होते. आणि नेमक्या त्या वेळी जमिनीनं एक हलका हिसका दिला.

आम्ही जागचे हललो नाही. चार महिन्यांत सवय झालेली, आणि उघड्यावरच तर होतो, पळणार कुठं? परीक्षक मात्र उठले आणि शाळेतली शर्यत असावी तसे सायकल स्टँडकडं धावत सुटले. पण बरणी सोडली नाही! छातीशी धरलेली, दोन्ही हातांनी, तान्ह्या लेकरासारखी. स्टँडपाशी पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की सगळं कॉलेज शांतपणे त्यांच्याकडं बघतंय. आधी ते स्वतःच हसले. मग आम्ही. प्राचार्यसुद्धा हसले, तोंडावर रुमाल धरून.

परत येऊन बसले तेव्हा वेगळेच होते. "आकडा विसरलो," म्हणाले. "द्या ती सुई." मासा थाळीत काढून शांतपणे मोजला. वरच्या काड्या, खालच्या काड्या. झेरॉक्सचं पान मागून घेतलं. बराच वेळ गेला. सरांच्या कपाळावर लिंबाच्या सावलीतही घाम होता.

"दहा आणि सहा," परीक्षक म्हणाले. "माझ्या नोट्समध्ये चुकलंय म्हणजे. घरी गेल्यावर आमच्या कॉलेजातला मासाही बाटलीतून काढून बघावा लागेल. कुणी मोजलं हे पहिल्यांदा?"

सरांनी मंगलकडं बोट केलं. परीक्षकांनी मान डोलावली आणि प्राचार्यांकडं वळून म्हणाले, "सगळे नमुने बरोबर आहेत."

प्राचार्यांनी शब्द पाळला. खास बॅच उन्हाळ्यापर्यंत सायकल स्टँडच्या पत्र्याखाली बसली, आणि सायकली उन्हात. त्या बॅचची पोरं आता ठिकठिकाणी डॉक्टर आहेत, म्हणजे पत्र्यानं काही बिघडलं नाही. माझं स्पॉटिंग उत्तम गेलं. पहिल्यांदाच झाकणाकडं न बघता लिहिलं. आईनंही नंतर एकदा कुणाला तरी सांगितलं म्हणे, की आमच्या बरणीतल्या माशानं मोठा साहेब पळवला.

पण त्या मोसमातलं मला सगळ्यात जास्त आठवतं ते परीक्षक गेल्यानंतरचं. ऊन उतरलं होतं. सर पक्की नावं लिहायला बसले. या वेळी चिठ्ठी बाहेरून चिकटवायची नाही, काळ्या न पुसणाऱ्या शाईनं जाड कागदावर लिहून आत सोडायची, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांनी टाक मंगलच्या हातात दिला. तिनं माशाचं नाव लिहिलं, खाली रामेश्वरम लिहिलं. 'ओळख पटवणारे' या शब्दांपुढं तिचा हात थांबला.

"सर, तुमचं नाव लिहू ना?"

"मोजलं कुणी? ज्यानं मोजलं त्याचं लिहायचं असतं, बेटा. आणि गावपण लिही."

तिनं आपलं पूर्ण नाव लिहिलं. गावापाशी मी म्हटलं, "शेडचा पत्ता देतीस का?" कारण घरची मंडळी अजून पत्र्याच्या शेडमध्येच होती, नवं गाव कुठं वसणार ते अजून कुणाला ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "न्हाई," आणि सावकाश, गोल अक्षरांत 'किल्लारी' लिहिलं. मग शाईवर फुंकर घालत म्हणाली, "आमच्या गावाचं नाव सगळ्या दुनियेत झालं सर, पण ते पडल्यामुळं. हितं मात्र काम केल्यामुळं लागलं."

सरांनी शाई पूर्ण वाळू दिली. मग चिठ्ठी चिमट्यात धरली, बरणीत माशाच्या अंगाला टेकेल अशी हळूच खाली सोडली आणि झाकण फिरवत म्हणाले, "आता बरणी फुटली तरी नाव ह्याच्याजवळच राहील."